जाई माजली, पण फुलली नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रोपवाटिकेतून जाई म्हणून आणलेली वेल लावून तीन वर्षे झाली. मांडव पूर्ण भरला आहे. पाने गडद हिरवी, टवटवीत. एका देठावर सात-सात छोटी पाने. रोज पाणी घालते, दर महिन्याला शेणखत आणि थोडा युरिया देते. वेल अस्ताव्यस्त दिसू नये म्हणून तीन-चार आठवड्यांनी कात्रीने कडा सारख्या करते. तीन वर्षांत मोजून पाच-सहा फुले दिसली. काय कमी पडते आहे? की उपटून दुसरी लावू?"

या वेलीला कमी काहीच पडत नाही. उलट सगळे जरा जास्तच मिळते आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त मिळते आहे ती कात्री. खत, पाणी, ऊन यांच्याकडे नंतर येते. आधी कात्रीचे बोलते, कारण माझ्या मते तुमची फुले तिथेच गेली.

जाई, जुई, मोगरा, कुंद, या सगळ्यांचा फुलोरा फुटव्याच्या टोकाला येतो. कोवळा फुटवा निघतो, पानांच्या काही जोड्या धरतो, मग त्याची लांबी वाढायची थांबते आणि शेंड्यालाच कळ्यांचा झुबका बसतो. मोगऱ्यात हे फार स्वच्छ दिसते: टोकाला तीन कळ्या, मधली आधी उमलते, बाजूच्या दोन मागाहून. म्हणजे शेंडा हीच फुलाची जागा. तुम्ही कडा सारख्या करता तेव्हा नेमके शेंडे जातात. कळी डोळ्यांना दिसण्याच्या आधीच ती जागा कापली जाते, म्हणून तुम्हाला वाटते की वेलीला कळ्याच येत नाहीत.

पुढे काय होते तेही पाहा. या वेलींची पाने बहुतेक समोरासमोर असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेंडा कापला की खालच्या पेरावरचे, म्हणजे पाने निघतात त्या सांध्यावरचे, दोन्ही डोळे फुटतात, एका फुटव्याचे दोन होतात. हे चांगलेच आहे, कारण दोन शेंडे म्हणजे दोन झुबके. पण त्या दोन फुटव्यांना पाने धरून कळीवर यायला निदान पाच-सहा आठवडे लागतात, आणि तुमची कात्री चौथ्या आठवड्यात परत येते. दोनाचे चार, चाराचे आठ होत राहतात आणि एकालाही फुलापर्यंत पोहोचायला मिळत नाही. मांडव गच्च होतो, मेंदीचे कुंपण व्हावे तसा. वेल तुमच्या सांगण्याप्रमाणेच वागते आहे, फक्त तुम्ही तिला फुटायला सांगता आहात आणि अपेक्षा फुलायची करता आहात.

म्हणून पहिले काम: पुढचे तीन महिने कात्री बाजूला ठेवा. वाटेत लोंबणारा एखादा धुमारा असेल तर कापू नका, मांडवात गुंतवा किंवा सुतळीने बांधा. आणि एकदा शिडीवर चढून मांडवाच्या वरून पाहा. मांडवाखाली उभे राहून वर पाहणाऱ्याला फुले दिसत नाहीत, कारण ती उन्हाकडे तोंड करून वरच्या अंगाला येतात. ‘संध्याकाळी वास येतो पण फूल कुठे दिसत नाही’ असे कोणी म्हणाले की मी आधी शिडीच मागवते.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण छाटणी कधी करायची हे पूर्णपणे यावर ठरते: तुमची वेल नक्की कुठली?

जॅस्मिनम या प्रजातीत दोनशेच्या आसपास जाती आहेत. पारिजातक आणि ऑलिव्ह याच कुळातले. आपल्याकडची नावेही जुनी आहेत: जाती या संस्कृत नावावरून जाई आली, यूथिकेवरून जुई. पण बोलण्यात जाई, चमेली, सायली ही नावे माणसे एकमेकांसाठी सर्रास वापरतात, आणि रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नाही. त्यात जॅस्मिन नसलेल्या वेलीही जॅस्मिन म्हणून विकल्या जातात. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतीशोधकाने १८४४ मध्ये चीनमधून युरोपात दोन वेली पाठवल्या होत्या. एक हिवाळ्यात बिनपानांच्या काड्यांवर पिवळी फुले देणारी, अस्सल जॅस्मिन. दुसरी आज ‘स्टार जॅस्मिन’ म्हणून जगभर लावली जाते, पण ती आहे कण्हेरीच्या कुळातली. तिचे पान खुडले की पांढरा चीक येतो. खऱ्या जाई-जुईला चीक नसतो. ही तपासणी एका मिनिटात होते, ती आधी करा.

चीक आला नाही तर पान नीट बघा. पान एकेरी, रुंद, चकचकीत असेल तर मोगरा. एकेरीच पण लव असलेले, मऊ, आणि फुले थंडीत येणारी असतील तर कुंद. जुईचे पान तर एकदा पाहिले की विसरत नाही: एक मोठे पान आणि त्याच्या देठाशी कानासारखी दोन इवलीशी पाने, कधी ती इतकी लहान की नाहीतच असे वाटावे. तिच्या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलेटम’ हा शब्द त्या कानांवरूनच आलेला आहे.

तुमच्या वेलीला देठावर सात पाने आहेत, म्हणजे ती वरच्यांपैकी कुठलीच नाही. तिघींपैकी एक असणार. जाई, म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. तिच्या देठावर पाच ते अकरा पाने असतात आणि टोकाचे पान बऱ्याचदा शेजारच्या जोडीला बुडाशी चिकटलेले असते. तिची जवळची बहीण ऑफिसिनेल, जी थंड प्रदेशांत जास्त लावतात. काही अभ्यासक तर ग्रँडिफ्लोरमला तिचाच एक प्रकार मानत आले आहेत. आणि तिसरी गुलाबी कळ्यांची पॉलिअँथम. हिच्या देठावर पाच ते सात पाने असतात आणि टोकाचे पान बाकीच्यांपेक्षा ठळकपणे लांब असते. फूल उमलले की आतून पांढरे, पण कळी बाहेरून गर्द गुलाबी. जाईच्या कळीलाही बाहेरून लालसर झाक असते, त्यामुळे नुसत्या कळीवरून निर्णय घेऊ नका, पानही पाहा.

हा फरक इतका का महत्त्वाचा? कारण जाई, जुई आणि मोगरा नव्या फुटीवर फुलतात. छाटणी केल्यावर जे धुमारे येतात त्यांच्याच टोकाला त्याच हंगामात फूल येते. ऑफिसिनेल गेल्या वर्षीच्या काडीवरच्या आखूड फुटव्यांवरही फुलते आणि नव्या फुटीच्या टोकालाही. पॉलिअँथम मात्र गेल्या वर्षी वाढून तयार झालेल्या काडीवर फुलते. तिच्या कळ्या थंडी पडू लागली की आतल्या आत तयार व्हायला लागतात आणि हिवाळा संपता संपता उमलतात. हिवाळ्यात तिला छाटले तर वर्षभराचा बहर कापून टाकला असे समजा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. उमेदीच्या काळात माझ्याकडे निगराणीला आलेल्या एका बागेत कमानीवर पॉलिअँथम होती. जाईसारखीच दिसते म्हणून मी तिला जाईसारखीच थंडीत छाटत राहिले, दोन वर्षे. दोन्ही वर्षे एक फूल नाही. तिसऱ्या वर्षी आजारपणामुळे छाटणीच राहून गेली आणि ती कमान पांढरीशुभ्र झाली. तेव्हापासून अनोळखी वेल हातात आली की पहिले वर्ष मी तिला कात्री लावत नाही.

ओळख पटतच नसेल तर दोऱ्याचा उपाय करा. वाढ थांबलेली असते त्या काळात, म्हणजे थंडीत, आठ-दहा फांद्यांच्या टोकांना रंगीत दोरा सैलसर बांधा. पुढे फूल येईल तेव्हा ते दोऱ्याच्या कुठल्या बाजूला आले ते पाहा. दोऱ्याच्या पलीकडे किंवा खालून निघालेल्या लांब नव्या फुटव्याच्या टोकाला आले, तर वेल नव्या फुटीवर फुलणारी. थंडीच्या शेवटी छाटायला मोकळीक. दोऱ्याच्या अलीकडे, जुन्या काडीवरच्या आखूड देठांवर आले, तर फुले सरल्याबरोबर छाटा, त्यानंतर वर्षभर हात लावू नका. एक वर्ष जाते, पण उत्तर खात्रीचे मिळते.

इथून पुढे मी तुमची वेल जाई आहे असे धरून चालते. दर महिन्याला छाटूनही जी पाच-सहा फुले आली ती बहुधा कात्रीतून सुटलेल्या नव्या शेंड्यांवर आली असावीत.

उन्हाचे काय? जाईला दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवे. भरपूर उजेड आणि थेट ऊन या वेगळ्या गोष्टी आहेत; हाताची सावली जमिनीवर कडा स्पष्ट दाखवत पडली तरच ते ऊन. तीन वर्षांपूर्वी लावताना ऊन असेलही, पण तीन वर्षांत शेजारचे झाड किती वाढले ते पाहा. सावलीतल्या वेलीची खूण अशी की दोन पेरांतले अंतर लांब होते, पाने मोठी आणि पातळ होतात, आणि धुमारे एकाच दिशेला, उजेडाकडे, झेपावतात. तसे दिसत असेल तर वरच्या झाडाच्या दोन-तीन फांद्या विरळ केल्यानेही फरक पडतो. मुळांशी मात्र सावली असली तरी बिघडत नाही. उलट बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि माथ्यावर ऊन ही तिची आवडती स्थिती.

आता खत. महिन्याला शेणखत आणि वर युरिया, हे फार झाले. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते आणि नत्राचे काम पान-फांदी वाढवणे. वेल माजते म्हणतो ती यामुळेच: काळपट हिरवी, लुसलुशीत, आणि फुलाच्या नावाने शून्य. युरिया आजच थांबवा. शेणखतही वर्षातून दोनदा पुरे. वेलीच्या शेजारी हिरवळ असेल आणि तिला नत्राचे खत घालत असाल, तर वेलीची मुळे तेही उचलतात; हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

शेतात जुई-मोगरा लावणारे बागायतदार एका झाडाला वर्षाला साधारण ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२० ग्रॅम पालाश (पोटॅश) देतात, तेही दोन हप्त्यांत विभागून, सोबत १० किलो शेणखत. मी हे आकडे तुम्ही जसेच्या तसे वापरावेत म्हणून दिले नाहीत. प्रमाण पाहा म्हणून दिले. स्फुरद आणि पालाश नत्राच्या दुप्पट. परसातल्या एका वेलीला याच्या निम्म्यानेही भागते. शेणखताबरोबर हाडांचा चुरा आणि थोडे पोटॅश, छाटणीनंतर एकदा आणि बहराचा पहिला भर ओसरल्यावर एकदा. खत बुडाशी ओतू नका. खोडापासून हातभर अंतरावर गोल चर काढून मातीत मिसळा, कारण अन्न उचलणारी कोवळी मुळे तिथे असतात.

स्फुरद चांगले म्हणून वाट्टेल तेवढेही घालू नका. जास्त झाले की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते. चुनखडीच्या जमिनीत तर हे लवकर होते: शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी फेरस सल्फेट, लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने पानांवर फवारा, नवी पाने हिरवी येईपर्यंत. अशा जमिनीत चुलीची किंवा लाकडाची राख घालू नका. ती माती आणखी अल्कधर्मी करते. एप्सम सॉल्टने फुले येतात असे जे सर्रास सांगितले जाते त्यात तथ्य इतकेच की मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तर पाने सुधारतात. कळ्या त्याने बसत नाहीत.

आणि आता पाणी. माझ्या अनुभवात छाटणीच्या खालोखाल बहर यावर ठरतो. रोज पाणी मिळणाऱ्या वेलीला थांबायचे कारणच राहत नाही. फळबागेत बहर धरण्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात; तोच न्याय जाईला लागू आहे. ताण म्हणजे झाड मारणे नव्हे. वाढ थांबते, काड्या जून होतात, पानांनी तयार केलेले अन्न काड्यांत आणि मुळांत साठते, आणि नंतर पाणी मिळाले की ते सगळे बळ एकदम नव्या फुटीत येते.

तुमच्या वेलीला थंडी संपत आली की पाणी तोडा. रेताड, मुरमाड जमिनीत आठ-दहा दिवस, भारी काळ्या जमिनीत तीन आठवड्यांपर्यंत. दिवस मोजण्यापेक्षा वेल पाहा: पानांची तकाकी जाते, थोडी खालची पाने पिवळी होऊन गळतात, कोवळे शेंडे दुपारी मान टाकतात पण सकाळी पुन्हा ताठ होतात. सकाळीही ताठ झाले नाहीत तर ताण जास्त झाला, लगेच थोडे पाणी द्या. वेलीवर कळ्या दिसत असताना ताण कधीच देऊ नका, सगळ्या गळतात. दीड-दोन वर्षांच्या आतल्या वेलीलाही देऊ नका. पॉलिअँथमला तर या ताणाचा उपयोगच नाही. तिला कळी धरायला शरद ऋतूतल्या गार रात्रींचे काही आठवडे लागतात, आणि जिथे रात्री गार होतच नाहीत तिथे ती नुसती पाने देत राहते. अशा हवेत ती लावण्यापेक्षा जाई किंवा जुई लावावी हे माझे स्पष्ट मत आहे.

ताणाच्या शेवटी छाटणी. विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या उष्ण प्रदेशांत बागायतदारांचे वेळापत्रक साधारण असे असते: मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर. झुडपासारखी वाढवलेली मोगरा-जुईची झाडे ते जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटरवर सरळ कापतात. कडाक्याची थंडी आणि दव गोठते अशा जागी मात्र थांबा, थंडी सरल्यावरच कापा, नाहीतर कोवळी फूट करपते.

मांडवावरची वेल अशी बुडातून कापायची गरज नाही. तुमच्या मांडवावर आता जाळे झालेले असणार, तेव्हा पहिल्या वर्षी कामाला अख्खी सकाळ लागेल. आधी वाळलेल्या, आत दडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढा. मग चार-पाच निरोगी जाड फांद्या कायमच्या म्हणून निवडा. या तिच्या हाताच्या फांद्या, यांना कापायचे नाही. त्यांच्यापासून निघालेल्या बाजूच्या फांद्या दोन ते तीन पेरे ठेवून आखूड करा. काप पेराच्या थोडा वर, धारदार कात्रीने. जुनी, जाडजूड, खालून उघडी पडलेली खोडे बरीच असतील तर त्यांतली एक तृतीयांशच यंदा बुडाशी कापा, बाकीची पुढच्या दोन वर्षांत. सगळी वेल एकदम खाली आणली तरी ती जगते, जाई मोठी चिवट आहे, पण पुन्हा भरून फुलायला दोन-तीन वर्षेही घेऊ शकते.

छाटणी झाली की बुडाशी माती खुरपून भुसभुशीत करा, आळे मोठे करा, खत मिसळा आणि भरपूर पाणी देऊन ताण तोडा. वीतभर खोल ओल गेली पाहिजे. त्यानंतर रोज शिंपडत बसू नका. वरची चार-पाच सेंटीमीटर माती सुकली की पुन्हा एकदा खोल पाणी. वाफशात, म्हणजे ओलसर पण मोकळ्या मातीत, राहिलेल्या मुळांची वेल रोजच्या चिखलातल्या वेलीपेक्षा कितीतरी चांगली फुलते.

नवे फुटवे हातभर झाले की एकदा, फक्त एकदा, त्यांचे शेंडे नखाने खुडा. एकाचे दोन होतील. त्यानंतर कात्री, नखे, सगळे थांबवा आणि कळीची वाट पाहा. हवा उबदार असेल तर पाच-सहा आठवडे, थंडी रेंगाळली तर दोन-अडीच महिने.

आणखी एक गोष्ट जी थोडे जण करतात: फांद्या आडव्या बांधा. सरळ वर जाणाऱ्या धुमाऱ्याचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, सगळी वाढ टोकाला होते. तोच धुमारा आडवा किंवा तिरका बांधला की शेंड्याचा तो जोर कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक पेरातून फुटवा येतो. भिंतीवर वेल चढवायची असेल तर पंख्याच्या काड्यांसारख्या फांद्या पसरवा. फांदी वाकवायची ती कोवळी असतानाच. जून झाली की मोडते. जाईला द्राक्षासारखे ताणे नसतात, ती आधाराला वेढे घेत किंवा नुसती रेलून चढते, म्हणून सुतळी लागतेच. गाठ सैल ठेवा. आणि गच्च पाकळ्यांचा, एका पेरावर तीन पाने असलेला मोगरा वेल म्हणून आणला असेल तर त्याला मांडवावर चढवायचा प्रयत्न सोडून द्या. तो झुडूपच आहे, कुंडीत सुंदर वाढतो.

फुले येऊ लागली की झुबका सुकल्यावर तो खालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट काढा. हीच ती छाटणी जी तुम्ही दर महिन्याला करत होतात, फक्त आता फुलल्यानंतर. त्या पेरातून दोन नवे फुटवे येतील आणि पुढचा बहर त्यांच्यावर बसेल. फुले तोडायची असतील तर कळी पूर्ण फुगलेली पण मिटलेली असताना संध्याकाळी तोडा. उमलणे आणि सुगंध दोन्ही रात्रीचे, कारण या फुलांना रात्री फिरणारे पतंग हवे असतात. अत्तरासाठी जाई पिकवणारे मात्र उमललेली फुले पहाटे वेचतात, ऊन चढायच्या आत. किलोभर फुलांना आठ-दहा हजार फुले लागतात.

कळ्या येऊनही उमलत नसतील तर प्रकरण वेगळे, ते किडीचे. कळ्या जांभळट होऊन एकमेकींना जाळीने चिकटल्या आणि त्यांना बारीक भोके दिसली तर कळी पोखरणारी अळी. कळीचा बुडाकडचा भाग फुगला, कळी खुरटली आणि गळाली तर मिजमाशी. तिच्या अळ्या कळीतून खाली पडून मातीत कोष करतात. दोन्हींवर पहिला उपाय एकच: बाधित आणि गळलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करा, वेलीखालची माती वरचेवर हलवा, आणि कळ्या कोवळ्या असतानाच निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तरी बराच आटोक्यात येतो. गंधक वापरत असाल तर तेलाच्या फवाऱ्यानंतर लगेच आणि कडक उन्हात कधीच नाही, पाने भाजतात. कीड काहीच दिसत नाही आणि तरी कळ्या गळतात, तर पाण्यातली अनियमितता किंवा गरम कोरडा वारा हे कारण असते.

कुंडीत जाई लावणाऱ्यांसाठी इतकेच: मोठ्या कुंडीची घाई करू नका. मुळांना भरपूर रिकामी माती मिळाली की वेल आधी ती भरत बसते. मुळे कुंडीच्या कडेला भिडलेली असताना ती जास्त फुलते. कुंडी बदलायची तर एकच माप मोठी, आणि कळ्या आलेल्या असताना जागा बदलू नका. ताणही कुंडीत पूर्ण देऊ नका. पाणी निम्मे करा, तेवढे पुरते.

उपटायचे म्हणाल, तर माझे उत्तर नाही. तीन वर्षांची, मुळे खोल गेलेली निरोगी वेल तुमच्याकडे आहे. नव्या रोपाला इथपर्यंत यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतील. मनाला धाकधूक असेल तर पावसाळी दमट हवेत, ओळखीच्या भरपूर फुलणाऱ्या जाईची एखादी अर्धवट जून फांदी मागून घ्या. तिची १५ सेंटीमीटरची चार-पाच छाट कलमे करा, खालची पाने काढून दोन पेरे मातीत जातील अशी लावा आणि सावलीत ओलसर ठेवा. ती वाढत राहतील. तोपर्यंत तुमची वेल एक ताण, एक छाटणी आणि कात्रीविना गेलेला एक हंगाम पाहील. उन्हात असूनही त्या हंगामात शेंड्यांवर एकही कळी आली नाही, तर पानाचा आणि देठाचा जवळून काढलेला फोटो घेऊन पुन्हा विचारा. मग ती जाई नाही, आणि आपल्याला सुरुवात ओळखीपासून करावी लागेल.